टकटक नेमकी कुठली? इंजिनचं नॉकिंग आणि टॅपेटचा आवाज ओळखण्याची रीत

जानेवारीतली सकाळ. पुण्यात कोथरूडला आमच्या सोसायटीत साडेसहाला पहिली गाडी सुरू होते ती तळमजल्यावरच्या काकांची. आठ वर्षांची, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी. थंडी पडली तशी तिच्या आवाजात एक कोरडी टकटक मिसळायला लागली. वर चहा ठेवतानाही ती मला ऐकू यायची. एक दिवस काका हातात कागद घेऊन वर आले. एका गॅरेजने खर्चाचा अंदाज लिहून दिला होता. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवणं, सगळे टॅपेट (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, ढकलणारे भाग) बदलणं, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, पॅकिंगचा सेट. "अरे, हेड उतरवायचं म्हणतोय. टॅपेटचाच आवाज आहे म्हणे. बघतोस का जरा?"

कागदावर सगळं होतं. आवाज टॅपेटचाच कशावरून, एवढंच नव्हतं. गाडी गॅरेजला पोचली तेव्हा तापलेली होती आणि तापल्यावर ती टकटक येतच नव्हती. म्हणजे तो आवाज तिथे कुणी ऐकलेलाच नव्हता. काकांच्या "टकटक येते" या दोन शब्दांवर हेड उतरवायचं ठरलं होतं.

असं होताना मी इतक्यांदा पाहिलंय की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. टॅपेट, पिंगिंग (चढावरचं नॉकिंग), कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, मॅनिफोल्डची (धूर बाहेर नेणाऱ्या नळांची) गळती, टायमिंग चेन या सगळ्यांना आपण टकटकच म्हणतो. त्यातल्या एकाचा इलाज दोन नट आवळण्याचा असतो, दुसऱ्याचा अख्खं इंजिन उतरवण्याचा. कुठला आवाज कुठला, हे पाना हातात घेण्याआधी बरंचसं कळू शकतं. त्यासाठी थंड इंजिन, शांत जागा आणि तासभर वेळ लागतो.

गाडी चालवायची की नाही, हे आधी ठरवा

तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढच्या चौकापर्यंत" असंही नको. तेलाचा दाब नसताना क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची) बेअरिंग काही मिनिटांत खराब होतात. खालून हातोडा मारल्यासारखा जड, खोल ठोका येत असेल आणि गाडी रेस केली की तो वाढत असेल, तरीही गाडी चालवू नका, टो करून न्या. टोइंगचे पैसे आणि क्रँकशाफ्टचे पैसे यांची तुलनाच होत नाही.

हलकी, वरून येणारी, शिवणाच्या मशीनसारखी टिकटिक असेल आणि दिवा लागत नसेल, तर घाबरू नका. दोन-चार दिवस सावकाश चालवत तपास करता येतो.

तेल बघा, मग कान लावा

निम्म्या तक्रारींची वाट तेलापाशी येते, म्हणून सुरुवात तिथून. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक काढून पुसा, परत पूर्ण आत घालून काढा. छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटरभराचा फरक असतो. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर वळणावर आणि चढावर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो आणि सगळ्यात आधी वरचे टॅपेट वाजायला लागतात.

तेल जास्त झालं तरीही तेच होतं, आणि हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. वरच्या खुणेच्या बरंच वर तेल भरलं की फिरणारी क्रँक ते घुसळते आणि ताकासारखा फेस होतो. फेसाळ तेलातली हवा हायड्रॉलिक टॅपेटमध्ये जाते आणि ते स्पंजासारखे दबायला लागतात. सर्व्हिसिंग होऊन गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून टिकटिक सुरू झाली, तर आधी तेल जास्त तर भरलं नाही ना, ते बघा.

आता बोटावर तेल घ्या. नुसतं काळं असणं हा दोष नाही, डिझेल गाडीत तर नवं तेलही लवकर काळं होतं. दुधाळ दिसलं तर पाणी किंवा कूलंट मिसळलंय, गाडी तिथेच थांबवा. पेट्रोलचा उग्र वास आला तर तेल पातळ झालंय. उन्हात धरल्यावर चकाकणारे बारीक कण दिसले, तर या लेखाच्या शेवटाकडच्या बेअरिंगच्या भागाकडे जा.

तेलाचा ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच हवा. "जाड तेल टाका, आवाज बसेल" हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो मला मनापासून खटकतो. शून्य-डब्ल्यू-२० मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-४० घातलं, तर थंड सुरुवातीला ते वर पोचायलाच जास्त वेळ घेतं. म्हणजे ज्या काही सेकंदांत झीज सर्वांत जास्त होते तीच लांबतात, आणि मूळ बिघाड आवाजाखाली दबून राहतो. तीच गोष्ट इंजिनात डिझेल किंवा रॉकेल घालून "धुण्याची". सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि दाब आणखी पडतो.

फिल्टरही बघा. बऱ्याच फिल्टरच्या आत रबरी झडप असते. गाडी रात्रभर उभी असताना वाहिन्यांतलं तेल खाली उतरू नये हे तिचं काम. ती कडक झाली किंवा नकली फिल्टरमध्ये धड नसलीच, तर रोज सकाळी पहिले काही सेकंद खडखडाट होतो आणि मग शांत. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारातून घ्या किंवा कंपनीच्या काउंटरवरून, पण पक्कं बिल आणि जुन्याशी जुळवून बघितलेला पार्ट नंबर हवाच.

तेलात चूक सापडली तर ती सुधारून शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवा आणि परत ऐका. बरेचसे आवाज इथेच संपतात.

ताल मोजा

व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. ओळखीचा सगळा पाया एवढाच. इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) शांत चालू असेल, तर क्रँक सेकंदाला तेरा फेरे मारते आणि कॅमशाफ्ट साडेसहाच्या आसपास. वाजणारा एक टॅपेट सेकंदाला सहा-सात ठोके देणार, तर क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला वाजणारी गोष्ट तेरा.

इतक्या वेगाने कानाने मोजता येत नाही, म्हणून फोन वापरा. बॉनेट उघडून तीस सेकंद रेकॉर्ड करा आणि ते पाव वेगाने वाजवा. व्हिडिओ दाखवणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये ही सोय असते. आता दहा सेकंदांत सोळा-सतरा ठोके आले तर ताल कॅमचा, तेहतीसच्या आसपास आले तर क्रँकचा. टॅकोमीटर नसेल तर स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून आरपीएम बघा. २०१३ नंतरच्या गाड्यांत त्याचा सॉकेट स्टिअरिंगखाली सापडतो.

ही मोजणी म्हणजे निकाल नव्हे. एका सिलेंडरमध्ये होणारी कुठलीही घटना, म्हणजे इंजेक्टरची टिक असो की मॅनिफोल्डमधून सुटणारी फूस, कॅमच्याच तालात येते, कारण प्रत्येक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. चार टॅपेट एकदम वाजत असतील तर हिशेब गुंततो. पण जलद ताल आला की वरचं हेड उतरवण्याची घाई करायची नाही, एवढं तरी यातून नक्की होतं.

ताल मोजतानाच आणखी तीन गोष्टी कागदावर लिहा. थंड असताना येतो की तापल्यावर? उभ्या गाडीत येतो की चढावर जोर पडल्यावर? ॲक्सिलरेटर दाबताना वाढतो की सोडताना? गॅरेजमध्ये हा कागद "टकटक येते" पेक्षा दहापट उपयोगी पडतो.

जागा शोधा

मेकॅनिकचा स्टेथोस्कोप महाग नसतो. नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवा आणि टोक धातूच्या ज्या भागावर ठेवाल तिथला आवाज ऐका. टॅपेट कव्हरवर पुढून मागे, मग हेडच्या बाजूने, मग ब्लॉक, मग खालचा चेंबर (तेलाचं भांडं), मग पुढचं चेनचं झाकण. प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद. आवाज धातूतून प्रवास करतो, त्यामुळे सगळीकडेच थोडा ऐकू येतो. सर्वांत तीक्ष्ण जिथे, ती जागा.

ओढणी, बाहीचं टोक, लांब केस, गळ्यातली साखळी बेल्टपासून दूर. रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

हवा सुटण्याचे आवाज शोधायला स्टेथोस्कोप निरुपयोगी. त्याला मीटरभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या सांध्याजवळ फिरवत न्यायचं.

काकांच्या गाडीचं उत्तर याच नळीने दिलं. दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही दोघं स्वेटर घालून खाली उतरलो. गाडी सुरू केली. टिकटिक होती, ताल कॅमचा. टॅपेट कव्हरवर स्क्रूड्रायव्हर ठेवला तर आवाज मऊ, दूरचा. मग नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर नेली आणि तिसऱ्या सिलेंडरपाशी कानात सटासट हवा आदळली. टॉर्च मारली तर पॅकिंगच्या कडेला पेन्सिलच्या रेघेसारखी काजळीची काळी रेघ, आणि तिथला एक नट बोटाने फिरत होता. पाच-सात मिनिटांनी मॅनिफोल्ड तापून फुगलं, फट मिटली, आवाज गेला. गॅरेजला पोचेपर्यंत तो का गायब व्हायचा, तेही समजलं. एक नवं पॅकिंग, दोन नवे स्टड. हेडला कुणी हात लावला नाही.

थंड असताना येणारी, जोर दिल्यावर वाढणारी आणि तापल्यावर जाणारी टिकटिक म्हणजे टॅपेटच्या आधी मॅनिफोल्ड तपासायचं, हे त्या सकाळपासून मी कुणालाही पहिल्यांदा सांगतो.

टॅपेटच असेल तर

आपल्या इंजिनात टॅपेट कुठल्या जातीचे आहेत ते आधी शोधा. मॅन्युअल किंवा पार्ट्सच्या काउंटरवरचा माणूस सांगेल. तीन जाती आहेत. स्क्रू आणि लॉकनटने फट बसवायची, जशी मारुती ८००, ओम्नी किंवा होंडा सिटीच्या आय-व्हीटेक इंजिनात. वाटीसारखे टॅपेट, ज्यांत वेगवेगळ्या जाडीची चकती किंवा वाटीच बदलून फट साधायची. आणि हायड्रॉलिक, ज्यात फट तेलाचा दाब आपोआप भरून काढतो. आपल्या रांजणगावात तयार झालेलं १.३ मल्टिजेट डिझेल या तिसऱ्या जातीचं. हायड्रॉलिक टॅपेटला "सेटिंग" नसतं, त्यामुळे अशा गाडीच्या बिलावर "टॅपेट सेटिंग" दिसलं तर काय केलं ते नक्की विचारा.

स्क्रूवाल्या इंजिनाचं काम घरी करता येतं, फक्त घाई नको. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. टॅपेट कव्हर उघडण्याआधी त्यावरची धूळ पुसा, नाहीतर ती आत पडते. प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने फिरतं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावा आणि इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवा. पहिल्या सिलेंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरलात आणि तो आतून ढकलला गेला, की कॉम्प्रेशनचा फेरा सुरू आहे. पुलीवरची खूण जुळेपर्यंत पुढे न्या. आता त्या सिलेंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे तरफेसारखे भाग) हाताने किंचित हलले पाहिजेत. चार सिलेंडरच्या इंजिनात आणखी सोपी खूण आहे. चौथ्या सिलेंडरचा एक्झॉस्ट मिटत आणि इनटेक उघडत असताना पहिल्याचे टॅपेट मोजायचे. दुसऱ्या-तिसऱ्याची जोडीही तशीच.

आता फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच. बहुतेक पेट्रोल गाड्यांत फट ०.१५ ते ०.३० मिलीमीटरच्या दरम्यान असते आणि एक्झॉस्टची इनटेकपेक्षा जास्त, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापून जास्त लांबतो. तुमच्या इंजिनाचा अचूक आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. पाती फटीत सरकवा. जाड पुस्तकाखालचा कागद ओढताना बोटांना जो हलका धर लागतो, तेवढाच लागला पाहिजे. सळकन निघाली तर फट जास्त, वाकायला लागली तर कमी. लॉकनट आवळताना स्क्रू नकळत थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघायची. मी हे दरवेळी करतो आणि चारांतला एक तरी परत सैल करावा लागतो.

फट जास्त असली की टॅपेट वाजतो, आपण लगेच लक्ष देतो. फट कमी झाली की तो गप्प होतो, आणि खरा धोका तिथे आहे. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. पुण्यात रिक्षांपासून घरच्या गाड्यांपर्यंत सीएनजी सर्रास झालाय. कोरड्या गॅसवर सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी-कमी होत जाते. म्हणून सीएनजीवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, मॅन्युअलमध्ये टॅपेट तपासणीचे जे किलोमीटर लिहिलेत ते पाळा. "गाडी एकदम सायलेंट आहे" हे तपासणी टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. सकाळी एक सिलेंडर मिस होतो आणि तापल्यावर सुधारतो, ही अशा गाडीची पहिली खूण.

हायड्रॉलिक टॅपेटच्या आत बारीक पिस्टन, स्प्रिंग आणि एका गोळीची झडप असते. तेल आत येतं, गोळी वाट बंद करते, अडकलेलं तेल दांड्यासारखं घट्ट राहतं. गोळीखाली गाळाचा कण अडकला की तेल निसटतं. आवाज कधी येतो यावरून बरंच कळतं. सुरू करताना काही सेकंद येऊन जात असेल, तर रात्रभरात तेल उतरलंय, बहुतेक वेळा सोडून द्यायची गोष्ट. आठवडाभर उभी असलेली गाडी थोडा जास्त वेळही वाजते. पूर्ण तापल्यावर फक्त सिग्नलला उभं असताना येत असेल, तर तेलाचा दाब कमी पडतोय, दाबाचं गेज लावा. वेग वाढल्यावर सुरू होत असेल तर फेसाळ तेल. सतत, एकाच जागी, थंड-गरम काही न बघता येत असेल, तर तो एक टॅपेट अडकलाय किंवा त्यावरचा कॅमचा उंचवटा झिजलाय.

अडकलेल्याला आधी एक संधी द्या. तेल आणि फिल्टर बदला, इंजिन पूर्ण तापू द्या आणि उभ्या गाडीत दोन ते अडीच हजार आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा. आत अडकलेली हवा निघून जाते. हे पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या दिवशी करून बघा. नाहीच गेला तर कव्हर उघडून, कॅमचा उंचवटा वर असताना टॅपेट लाकडी दांड्याने दाबायचा. शेजारचे घट्ट आणि तो एकटा दबतोय, तर तोच बदलायचा. त्याचवेळी कॅमवर नख फिरवा. खड्डे लागले तर नुसता टॅपेट बदलून उपयोग नाही. नवा हायड्रॉलिक टॅपेट बसवल्यावर लगेच सेल्फ मारू नका. काही कंपन्या अर्धा तास थांबायला सांगतात, कारण तेलाने ताठलेला टॅपेट दबायच्या आत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो.

चढावरचं नॉकिंग

कोथरूडहून चांदणी चौकाकडे किंवा कोंढव्याहून बोपदेव घाट चढताना, चौथ्या गिअरमध्ये गाडी रेंगाळायला लागली आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला, की पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज येतो. हे पिंगिंग. ठिणगीने लागलेली आग पसरण्याआधीच उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःहून भडकतं. उभ्या गाडीत हा आवाज सहसा येत नाही, त्याला जोर लागतो. टॅपेट आणि पिंगिंग वेगळं करायला हा फरक पुरतो.

पहिला इलाज गिअर खाली टाकणं. आवाज गेला तर बिघाडापेक्षा चालवण्याची सवय जास्त जबाबदार असू शकते. मायलेजच्या हट्टाने वरच्या गिअरमध्ये गाडी चढवणं पिस्टनला महागात पडतं.

सीएनजी असेल तर तुमच्या हातात फार सुंदर चाचणी आहे. तोच चढ, तोच गिअर, तेवढाच वेग, एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर. सीएनजीचा ऑक्टेन (इंधन पिंगिंगला किती दाद देत नाही त्याचा आकडा) १२० च्या पुढे असतो, त्यामुळे पिंगिंग त्यावर जवळजवळ नाहीसं होतं. धातूची टकटक मात्र इंधन बघत नाही, दोन्हींवर येणार. सकाळी रिकाम्या रस्त्यावर, शेजारी कुणीतरी ऐकणारं बसवून करा.

इंधनाबद्दल थोडं. ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, सध्या सगळ्या दुखण्यांचा दोष दिला जातो. पण इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे आणि ई२० चं मानक किमान ९५ ऑक्टेनचं, बीएस-६ च्या साध्या पेट्रोलचं ९१ होतं. त्यामुळे नुसत्या ई२० मुळे पिंगिंग सुरू झालं म्हणणं मला पटत नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र इथेनॉलमधल्या ऑक्सिजनने मिश्रण विरळ होतं, आणि विरळ मिश्रण जास्त तापून नॉक करू शकतं.

गिअर बदलूनही आवाज राहिला तर स्कॅनर लावा. पी०३२५ ते पी०३२८ हे कोड नॉक सेन्सरच्या सर्किटचे, पी०१७१ विरळ मिश्रणाचा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिन स्वतःहून किती जास्त पेट्रोल देतंय तो आकडा) अधिक दहा टक्क्यांच्या वर असेल तर कुठेतरी जादा हवा येतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. कूलंटचं तापमानही बघा, अर्धवट तुंबलेला रेडिएटर उन्हाळ्यात पिंगिंग घेऊन येतो. मग प्लग. मॅन्युअलमधल्या नंबरचाच हवा, जास्त गरम राहणारा प्लग स्वतःच पेटता निखारा होतो. रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी पिस्टनवर साचलेला कार्बनही कारण असतो. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला मोजलेला दाब) ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त आलं तर त्याचा संशय पक्का.

छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत, कमी आरपीएमवर जोर देताना एखादाच मोठा ठोका आला, तर दुर्लक्ष नको. तिथे ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि एका ठोक्यातही पिस्टन तुटू शकतो. एपीआय एसपी दर्जाचं तेल या त्रासाचा विचार करून आलंय, तेच वापरा आणि कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर टाळा.

डिझेलमध्ये थंड असताना थोडी खडखड असतेच. एकाच सिलेंडरचा ठोका वेगळा ऐकू येत असेल आणि धूर असेल तर इंजेक्टर. स्कॅनरवर सिलेंडर बॅलन्सिंगचे आकडे बघून घ्या आणि रिटर्नला जाणारं डिझेल प्रत्येक इंजेक्टरचं वेगळं मोजून घ्या. जुन्या इंजिनांत पाइपचा नट सैल करून सिलेंडर बंद करायची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये (आजकालच्या डिझेल गाड्यांत) ते चुकूनही करू नका. आतला दाब हजार बारच्या पुढे जातो, ती धार हात कापून आत शिरते.

खालून येणारा ठोका

कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज जड असतो. इंजिन तापवा, उभ्या गाडीत २,००० ते २,५०० आरपीएमवर धरा आणि ॲक्सिलरेटर हलकेच सोडा. त्या सोडण्याच्या क्षणी ठक-ठक-ठक अशी माळ ऐकू आली तर संशय बेअरिंगवर. थंड असताना कमी आणि तापून तेल पातळ झाल्यावर जास्त, ही दुसरी खूण. याच्या नेमकं उलट, थंड असताना बोथट आवाज आणि तापल्यावर शांत, असं असेल तर पिस्टन सिलेंडरमध्ये किंचित डुलतोय. तसं इंजिन पुष्कळ वर्षं चालतं.

आता एकेक सिलेंडर बंद करून ऐका. पेट्रोल गाडीत इंजेक्टरचा कनेक्टर इंजिन बंद ठेवून काढायचा, मग सुरू करून काही सेकंद ऐकायचं. कॉइल काढू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. एखादा सिलेंडर बंद केल्यावर ठोका स्पष्ट कमी झाला तर त्याच सिलेंडरचा रॉड. टॅपेटच्या आवाजात अशाने सहसा फरक पडत नाही.

यानंतर तेलाच्या दाबाचं मेकॅनिकल गेज. ऑइल प्रेशर स्विच काढून त्याच जागी बसतं, काम अर्ध्या तासाचं. ढोबळ हिशेब असा की दर हजार आरपीएमला १० पीएसआय तरी हवा. मॅन्युअलमधला आकडा असेल तर तो ग्राह्य. डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला आहे म्हणून समाधान मानू नका, तो साधारण ५ पीएसआयच्या आसपास लागतो, म्हणजे फार उशिरा.

शेवटी तेल पांढऱ्या कापडातून गाळा आणि फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडा. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस कण बेअरिंगचे. हे सापडलं तर चेंबर उघडायची वेळ झाली. क्रँकवर ओरखडे पडायच्या आत पोचलात तर नुसत्या बेअरिंगच्या शेलवर भागतं, म्हणून गाडी थांबवण्याबद्दल मी सुरुवातीला एवढं बोललो.

पुण्यात आणखी एक कारण विचारावंच लागतं. गाडी पाण्यात होती का? २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं. सिलेंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पाणी दबत नाही, रॉड वाकतो. गाडी नंतर सुरूही होते, आणि महिन्याभराने ठोका सुरू होतो. अशा गाडीत एका सिलेंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी येतं. बुडालेली गाडी बाहेर काढल्यावर बॅटरी सोडा, प्लग काढा आणि इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर येतंय का बघा. सेल्फ त्यानंतर.

बाकीचे संशयित

सुरू करताना पुढच्या झाकणातून साखळी ओढल्यासारखी खडखड आली तर टायमिंग चेनचा टेन्शनर, आणि ती लांबवू नका. सायलेन्सरवरचा सैल उष्णतेचा पत्रा ठरावीक आरपीएमला झणझणतो, हातमोजा घालून दाबला की गप्प. बेल्टच्या पुल्या तपासायला थंड इंजिनवर बेल्ट काढून वीस सेकंद चालवा, मात्र टायमिंग बेल्ट नव्हे. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर इंजिन सोडा, गिअरबॉक्सकडे बघा.

गॅरेजला जाताना

थंडीतला आवाज असेल तर गाडी आदल्या रात्री तिथे सोडा आणि सकाळी पहिला सेल्फ तुमच्यासमोर मारायला सांगा. रेकॉर्डिंग आणि तो कागद दाखवा. हेड किंवा चेंबर उघडण्याआधी दाबाचा आकडा आणि कॉम्प्रेशनचे आकडे लिहून मागा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. काढलेले भाग परत घ्या आणि स्वतः बघा.

काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, फोन पहिल्या वेळी ठेवला होता त्याच जागी ठेवून पुन्हा तीस सेकंद रेकॉर्ड करा. दोन्ही रेकॉर्डिंग पाव वेगाने एकामागोमाग ऐका. मग पाचशे किलोमीटरनंतर डिपस्टिक काढा, आणि पॅकिंग बसवलेल्या जागी टॉर्च मारून काजळीची रेघ परत उमटलीय का तेवढं बघा.